भीतीपोटी सोडलेले गवत

महोदय,
उत्तर केनियातील तुर्काना आणि पोकोट पशुपालकांना बंदूकधारी गुरेचोरांची कायम धास्ती असते. म्हणून ते कळप विभागून नातलगांकडे ठेवतात, अनेक कुटुंबे मिळून एकत्र तळ टाकतात. सीमेवरचे चांगले गवत मात्र भीतीपोटी तसेच सोडतात आणि जवळच्याच उजाड माळावर गुरे चारतात. मला हे सर्वांत क्लेशदायक वाटते.

गोव्यातील आमच्या सत्तरी तालुक्यात पशुपालकांना बंदुकीचे भय नाही, वाघाचे आहे. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. असे पुन्हा घडू नये म्हणून, गवळी-धनगरांची म्हैस वाघाने मारली, तर वन खात्याने आठवड्याभरात पंचनामा करून भरपाई घरपोच द्यावी.

– एक वाचक, वाळपई