मिरजेच्या चष्मेवाल्या काकांना

काका, नमस्कार.

पैसे देताना मी काहीतरी बोलायला गेले, तर तुम्ही "एवढं काय त्यात" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून लिहून सांगते. तिथे उभं राहून बोलले असते तर रडू आवरलं नसतं.

माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याला प्लसचा नंबर आहे, शिवाय जवळचं बघताना डोळ्यांना जेवढा जोर लावावा लागतो तेवढा त्याच्याकडून लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी बायफोकल दिला, म्हणजे मधे रेघ, वरून लांबचं आणि रेघेखालून जवळचं बघायची काच. नंबर बरोबर होता, काचाही चांगल्या होत्या. पण चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा, हा काचेच्या वरून बघायचा आणि शेवटी काढून भिरकावायचा. शाळेतून निरोप यायचे, चष्मा घालत नाही. घरात, शेजारी, सगळे म्हणायचे की हट्टी आहे, सवय लावा.

ज्या चकचकीत शोरूममधून तो चष्मा घेतला, तिथल्या माणसाने माझ्या मुलाकडे एकदाही नीट बघितलं नाही. मला म्हणाला, "अशा मुलांना चष्मा राहतच नाही मॅडम, मागून दोरी बांधा." अशा मुलांना! दुसऱ्या एका दुकानात टॅबवर त्याचा फोटो काढला आणि चेहरा गोल आहे, चौकोनी फ्रेम खुलून दिसेल असं सांगितलं. खुलून दिसण्याचं कोणी विचारलं होतं? दोरी बांधली. चष्मा खाली पडायचा थांबला, पण नाकावरचा भार तसाच राहिला आणि त्याची चिडचिड वाढली.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी सवयीने डॉक्टरांचा कागद पुढे केला. तुम्ही तो बाजूला ठेवलात. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलात, चष्मा काढलात आणि त्याचा कान हलकेच पुढे करून मागची कातडी बघितलीत. तिथे लाल वळ होता. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना पडलेले खड्डे बघितलेत आणि म्हणालात, "किती दुखत असेल रे तुला."

काका, हे वाक्य त्याला तोवर कोणी म्हणालं नव्हतं. त्याला बोलायला वेळ लागतो. बहुतेक लोक तेवढा वेळ न थांबता माझ्याकडे वळतात आणि त्याचं उत्तर माझ्याकडून घेतात. तुम्ही पेचकस खाली ठेवलात आणि थांबलात. त्याने कानामागे बोट ठेवलं, "हितं" म्हणाला. तुम्ही "बरं, हितं काढू" म्हणालात. पुढचं सगळं चांगलंच झालं, पण माझ्यासाठी काम तिथेच झालं होतं.

बाकीचं मला कळलं ते असं. त्याच्या नाकाचा उंचवटा बसका आहे, कान जरा खाली आणि लहान आहेत. मुलांची साधी फ्रेम त्याला पुढून अरुंद पडायची आणि काड्या मात्र लांब व्हायच्या. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात: काचेची रुंदी, दोन काचांमधलं अंतर आणि काडीची लांबी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. इतकी वर्षं घरात चष्मे आहेत, पण ते आकडे कशाचे हे आम्हाला कुठल्याच दुकानात सांगितलं गेलं नव्हतं. आणि बायफोकलची ती रेघ! लहान मुलांना ती बुबुळाच्या मध्याजवळ यावी लागते. चष्मा घसरला की रेघ खाली जाते, आणि ज्या काचेसाठी एवढा खटाटोप केला त्या काचेतून मूल बघतच नाही. मग वहीकडे लक्ष नाही म्हणून बोलणी खायची त्यानेच.

काडी गरम करून तुम्ही थोडी वाकवायचात, घालून बघायचात, मान खाली घालायला लावायचात, पुन्हा काढायचात. आपल्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात तसं चाललं होतं, एवढंसं घासायचं आणि ऐकायचं. दुकानात गर्दी होती. तुम्ही कोणाला ताटकळत ठेवल्याचा आव आणला नाहीत आणि आम्हाला घाईही केली नाहीत.

घरी आल्यावर शोधलं, तर अमेरिकेत मारिया डेलापिना म्हणून एक चष्मे बसवणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या मुलीला, एरिनला, डाऊन सिंड्रोम आहे. तिला बसेल अशी फ्रेम मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच तयार करवून घेतल्या, दोन काचा जोडणारा नाकावरचा भाग खाली आणि काड्याही खालून जोडलेल्या. म्हणजे चूक पोराच्या चेहऱ्यात कधीच नव्हती. चेहरा आहे तसा आहे, फ्रेमने त्याच्यापाशी यायचं असतं. ज्यांचा हा धंदाच आहे त्यांना हे ठाऊक नसावं याचा मला अजून राग येतो. आणि तुमच्यासारखी माणसं अशा एखाद्या बोळात, बोर्डाचा रंग उडालेल्या दुकानात बसून हे रोज करत असतात, कोणी बघत नसतानाही नीट करतात. दवाखान्यांच्या या गावात मोठमोठ्या पाट्या खूप बघितल्या. माझा जीव शांत झाला तो तुमच्या स्टुलापाशी.

आता तो सकाळी उठल्यावर आधी चष्मा मागतो. अक्षरं रेघेवर यायला लागली आहेत. परवा बाईंनी वहीवर चांदणी काढून दिली.

उन्हाळ्यात गॉगलसाठी येऊ. जत्रेतला घेऊ नका असं तुम्ही बजावलंत ते लक्षात आहे: नुसत्या काळ्या काचेआड बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणं अडवणारी काच नसेल तर ती जास्तच आत शिरतात. तुमच्या यंत्रावर तपासून मगच घेऊ. त्याला लाल फ्रेम हवी आहे, आत्तापासून सांगून ठेवते, म्हणजे त्याच्या मापाची मागवायला तुम्हाला वेळ मिळेल.

तुमची,
बायफोकलवाल्याची आई