नफ्याच्या शेजारी क्लेमचा आकडाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी विमा कंपन्या तोट्यात, खासगी नफ्यात, मग सरकारी विकून मोकळे व्हा, असा सूर हल्ली वरचेवर ऐकू येतो. अंबड औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. वर्कशॉपची आगीची पॉलिसी सरकारी कंपनीची, गाडीची खासगी. दोन्हींशी गाठ पडलेली असल्याने हा हिशेब मला अर्धवट वाटतो.

विमा नियामकाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याच्या दर शंभर रुपये हप्त्यामागे सरकारी कंपन्यांचे सुमारे १०३ रुपये क्लेमपोटी गेले. खासगी सर्वसाधारण विमा कंपन्यांचे ८९ च्या आसपास, तर फक्त आरोग्य विमा विकणाऱ्यांचे जेमतेम ६५. उरलेल्या ३५ रुपयांत एजंटाचे कमिशन, पगार, जाहिराती आणि काही उरलाच तर नफा. हे पैसे शेवटी आपल्याच हप्त्याचे.

पण म्हणून १०३ हा आकडा सरकारी कंपन्यांच्या दिलदारपणाचा दाखला मानायचे कारण नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे ग्रुप विमे पटकावण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पडेल भाव लावले, तेही कित्येकदा एकमेकींवर कुरघोडी करून. माझ्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला कुठली आली सवलत! नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तिघींत केंद्राने २०१९-२० पासून तीन वर्षांत १७,४५० कोटी रुपये ओतले. तरीही मार्च २०२४ अखेर तिघींची सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी फेडण्याच्या ऐपतीचे गुणोत्तर, शून्याच्या खाली होती. नियमाने ती किमान १.५ हवी. चौथी न्यू इंडिया मात्र २०१७ पासून शेअर बाजारात आहे आणि ही अट पाळते. तीही सरकारीच, हे सरसकट बोलणारे विसरतात.

तेव्हा विम्याच्या बातमीत नफ्यातोट्याशेजारी क्लेमचे प्रमाण, सॉल्व्हन्सी आणि क्लेम मिळायला लागणारे दिवसही छापावेत, ही विनंती. शॉर्टसर्किटने माझे पॅनेल जळाले तेव्हा सरकारी कंपनीचा सर्व्हेअर नवव्या दिवशी उगवला, पैसे मात्र पुरते मिळाले. गाडी ठोकली तेव्हा खासगीवाला त्याच संध्याकाळी हजर. पण बंपरचे निम्मे पैसे घसाऱ्यात कापले गेले. पॉलिसीत ते लिहिलेलेच होते म्हणा, मीच वाचले नव्हते.

आपला,
एक वर्कशॉपवाला वाचक, अंबड, नाशिक