बुरशी कापली की फळ चांगले?

संपादक महोदय,

बुरशीचा भाग कापून उरलेले फळ बिनधास्त खाणारे पुष्कळ आहेत. माझी सारी नोकरी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून हे लिहिते. वर दिसतो तो रंगीत थर मुख्यतः बीजाणूंचा, म्हणजे बुरशी पसरवणाऱ्या सूक्ष्म कणांचा. बुरशीचे तंतू आत शिरलेले असतात आणि ते दिसत नाहीत. स्ट्रॉबेरी, पीच अशा मऊ, रसाळ फळांत ते झपाट्याने पसरतात. असे फळ सरळ टाकावे. शेजारची घट्ट, डाग नसलेली फळे मात्र फेकण्याचे कारण नाही. धुवून लवकर संपवावीत.

सफरचंदाचे प्रकरण वेगळे. त्यावरची निळी बुरशी, पेनिसिलियम एक्स्पान्सम, पॅट्युलिन नावाचे विष तयार करू शकते. सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे. उकळूनही ते पुरते जात नाही. त्यामुळे सडक्या सफरचंदांचा जॅम करण्याची काटकसर (आमच्या घरातही तिचे पुरस्कर्ते आहेत!) मला मुळीच पटत नाही. आणि हो, बुरशीचे फळ नाकाशी धरून हुंगू नये. दमेकऱ्यांना बीजाणूंचा त्रास होऊ शकतो.

— एक निवृत्त प्राध्यापिका