सुध्या, ते पांढरंच आहे

पुणे, १९ जानेवारी २०२५

सुध्या,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला आधी वाटेल, कोण गेलं? कुणी गेलेलं नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, बारा दिवस झाले, थेंब घालतोय, साखर आहे तिथंच आहे. तब्येतीचं संपलं.

आता बस. ते पांढरं आहे.

आपल्या त्या ऑर्किडचं, व्हेनुस्टमचं वरचं दल. तू म्हणत होतास तसंच पांढरं, त्यावर हिरव्या रेघा पार कडेपर्यंत गेलेल्या. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी सकाळी काळा चष्मा काढून खिडकीशी गेलो. फूल नाताळातच उमललं होतं, रोज बघतच होतो. म्हटलं, हे काय? कुणी कुंडी बदलली? मग उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा. डाव्याने बघावं तर नुकतं धुतलेलं धोतर. उजव्याने बघावं तर त्याच धोतरावर चहा सांडलेला. दहा मिनिटं मी तिथे आळीपाळीने डोळे मिचकावत उभा होतो. समोरच्या गॅलरीतल्या बाई आत निघून गेल्या.

सुमनला हाक मारली. ती म्हणाली, "मी तर सात वर्षं सांगतेय पांढरं आहे म्हणून." खरंय, सांगत होती. मी तिला म्हणायचो, तुला साय आणि दूध यातला फरक कळत नाही. मग तिने माझे शर्ट काढले कपाटातून. तुला आठवतंय, कपडे पिवळे निघतात म्हणून मी तिच्यामागे नीळ वाढव, नीळ वाढव म्हणून लागायचो? ती बिचारी वाढवत गेली. लेका, मी चार वर्षं आकाशी रंगाचे शर्ट घालून लग्नांना जात होतो आणि एकाही माणसाने मला सांगितलं नाही. तूही नाही! गोष्टीतल्या निळ्या कोल्ह्याला निदान पाऊस तरी लागला.

बत्तीस वर्षं ऑफसेटवर रंग जुळवले मी. प्रूफवर भिंग ठेवून पिवळा तीन टक्के जास्त झालाय हे सांगणारा माणूस. आणि स्वतःच्या डोळ्यात पिवळी काच बसत गेली ती कळली नाही. डॉक्टर म्हणाले, ती इतकी हळू बसते की कुणालाच कळत नाही. मला ते समाधान पुरत नाही, कारण आपल्या भांडणाच्या त्या रात्री मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "सुध्या, तू बँकेत नोटा मोजल्यास. रंग मला सांगू नकोस."

तू माझ्या फुलासमोर उभा राहून म्हणालास, माझ्याकडचं तेच हे, काही फरक नाही. आणि मी सगळ्यांदेखत सिद्धांत मांडला: पॅफ, म्हणजे ही बटव्यासारखं दल असलेली ऑर्किडं, काही डेन्ड्रोबियम ऑर्किडसारखी टिश्यू कल्चरने भारंभार होत नाहीत. बियांपासून केली तर प्रत्येक रोपाचा चेहरा वेगळा. म्हणजे तुझ्या झाडाचा खरा तुकडा असता तर फूल हुबेहूब तुझ्या फुलासारखं आलं असतं. माझं सायीच्या रंगाचं आलं, अर्थात तू मला दुसऱ्याच कुठल्या रोपाचे फुटवे दिलेस. सिद्धांत अजूनही बरोबर आहे, बघ. फक्त डोळा चुकला. तुझे फोटो दाखवलेस तर म्हणालो, फोन काय, कावीळ झालेल्यालाही गोरा करतो.

मी ताडून पाहत होतो ते तुझ्या फोटोशी नव्हेच. कालिम्पाँगच्या त्या पांढऱ्याशी. फेब्रुवारी २००९, नर्सरीतल्या लाकडी फळीवर एकाच शेंगेतल्या बियांच्या अकरा कुंड्या, अकराही फुललेल्या. एकाचा बटवा पितळी, एकाचा गुलाबीकडे झुकलेला, एकाच्या हिरव्या शिरा इतक्या दाट की तू म्हणालास हे फूल नाही, मेंदू आहे. दोन तास आपण ती पुढेमागे करत बसलो आणि बायका जीपमध्ये चिडून बसल्या. शेवटी सातवी कुंडी घेतली, वरच्या दलाच्या पांढऱ्यावर आपलं दोघांचं एकमत झालं म्हणून. आपलं एकमत झाल्याचा तो बहुधा शेवटचा प्रसंग. (रस्त्यावरच्या त्या माणसाकडची शेवाळासकट उपटून आणलेली झाडं मी घेणार होतो आणि तू १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली सहावी अनुसूची म्हणून दाखवलीस, ते भांडण मी मागेच हरलोय. एका पत्रात दोन चुका कबूल करवून घेऊ नकोस.) येताना घाटभर तू या फुलाचा इतिहास ऐकवत होतास, वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिच, सिल्हेट, १८२०. माझं सगळं लक्ष उलटी न होण्याकडे होतं.

२०१४ मध्ये त्या सातव्या कुंडीतल्या पाच फुटव्यांचे तीन तू ठेवलेस, दोन मला दिलेस. ते तीन वर्षं रुसून बसले. २०१७ ला पहिलं फूल. तेव्हाच ते मला जरा मळकट वाटलं होतं, पण बोललो नाही. आधी पाण्यावर संशय घेतला. बोअरचं बंद करून पावसाचं पाणी पिंपात साठवलं. मग खतावर. मग कुंडीतलं सगळं काढून पाइनची साल, लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे नव्याने भरले. पांढरं काही झालं नाही, पण झाड असं माजलं की दोनाचे चार फुटवे झाले. सगळे उपाय झाले तेव्हा एक तूच उरलास संशयाला.

आता खरं विचारायचं ते विचारतो. त्या रात्री चपला घालताना तू म्हणालास, "घरी जातो आणि माझं कचऱ्यात टाकतो, मग तुझं एकच राहील, मिटला वाद." टाकलंस का? गेले सात दिवस मला झोप नाही. तू बोलतोस ते करतोस, हीच तुझी खोड. पिंट्याला फोन करून आडून विचारलं, तर तो म्हणाला काकांनी बंगळुरूला जाताना बऱ्याच कुंड्या वाटून टाकल्या. वाटून म्हणजे कुणाला? ज्याला दिली त्याला त्या झाडाला पाणी साठवायला गाठी नसतात हे माहीत आहे का? की वरून नळी सोडून पोंग्यात पाणी भरलं आणि कुजवलं? असेल तर पत्ता दे, मी जाऊन बघतो.

आणि गेलं असेल तर तसं लिही. कट्ट्यावर मी शनिवारी सगळं सांगून टाकलंय. सगळे इतके हसले की अण्णांना ठसका लागला. मला वाटलं होतं कुणीतरी तुझी बाजू घेऊन मला झापेल.

तुझं कसं चाललंय? मुलीच्या नव्या घरात गॅलरी आहे ना, पूर्वेची? वहिनींचा गुडघा? नातू बोलायला लागला असेल, कानडीत की मराठीत?

उजवा डोळा ३ फेब्रुवारीला आहे. फूल तोवर टिकेल, अजून देठ ताठ आहे. ते गळलं की मी झाड काढणार. एका फुटव्याला एकदाच फूल, त्यामुळे फुललेला एक आणि एक कोवळा, अशी जोडी तुझी. दुसरी जोडी माझी. कापल्या जागी दालचिनीची पूड लावीन, सुमनच्या डब्यातली. पण मुळं सैल असताना मी कुरिअरवाल्याच्या हातात देणार नाही. उद्यान एक्स्प्रेसने ये, रात्री बसलास की दुसऱ्या दिवशी पोचशील. शिवाय कापताना पातं कुठे घालायचं ते दोन जोड डोळ्यांनी ठरवलेलं बरं.

कुंडीतली पट्टी अजून तुझ्याच अक्षरातली आहे. "व्हेनुस्टम, क्र. ७." त्यापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. काल खोडलं, पण प्लास्टिकवर पेन्सिलीचा वळ राहतो. आलास की दिसेल, तेव्हा आधीच सांगून ठेवलं.

तुझा,
विन्या