आरोग्यमंत्री साहेब, कॉल लागला तरी बाळ गेलंच

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात माझ्या वहिनीचं बाळ गेलं. वहिनी वाचली, पण अजून नीट बोलत नाही. आठवा महिना चालू होता, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं म्हणून उपकेंद्रात नेलं तर बीपी 160/110. तिथल्या मॅडमनी लगेच टॅब काढला. मोठ्या डॉक्टरांशी आता गावातूनच व्हिडिओवर बोलता येईल, जिल्ह्याला पळायची गरज नाही, असं फीत कापताना आम्हाला सांगितलं होतं. मी समोर बसून ऐकलंय.

आधी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा ओळख नंबर, काढायचा म्हणे. त्याचा ओटीपी गेला भावाच्या मोबाईलवर आणि भाऊ गुजरातेत ऊसतोडीला, फोन बंद. शेवटी मॅडमनी तसंच नाव टाकलं, रेंज मिळेना म्हणून टॅब घेऊन बाहेर आल्या, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढल्या, तेव्हा कुठे डॉक्टर दिसले, पण नुसतं तोंड हलत होतं, आवाज नाही. परत लावला तेव्हा एवढंच कळलं की झटके येऊ शकतात, इंजेक्शन द्या आणि ताबडतोब हलवा. ते इंजेक्शन उपकेंद्रात नव्हतं. पावसाळ्यात वाहून गेलेला रस्ता अजून तसाच आहे, त्यामुळे 108 ची गाडी फाट्याच्या वर येत नाही, मग बांबूची झोळी केली, चौघांनी खांदा दिला आणि उतारावरच वहिनीला पहिला झटका आला.

मॅडमना मी दोष देणार नाही, त्या फाट्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आल्या.

साहेब, हा कॉल तुमच्याकडे यशस्वी म्हणून मोजला गेला असेल ना? ई-संजीवनीवर, म्हणजे ह्याच सरकारी व्हिडिओ-डॉक्टर सेवेवर, देशात 30 कोटींच्या वर सल्ले दिले असं सरकार सांगतं. त्यातले किती कॉल मधेच तुटले, सांगितलेलं औषध कितीजणांना तिथल्या तिथे मिळालं, रेफर केलेल्या किती बाया दवाखान्यात जिवंत पोचल्या, ते का सांगत नाही?

मी टॅबच्या विरोधात नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या बदलायच्या असतील, अंगावर चट्टे आले असतील तर पाड्यावरच्या माणसाची दिवसभराची मजुरी त्यानं वाचते. वहिनीचा धोकासुद्धा त्या डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात ओळखला. पण ओळखून पुढे काय? स्क्रीनमधून इंजेक्शन देता येत नाही आणि पेशंट खाली उतरवता येत नाही.

सगळ्याच खात्यांचं हेच चाललंय. आधी ॲप, बाकी सगळं नंतर. 2021 मध्ये अंगणवाडी ताईंनी सरकारी मोबाईल परत केले, ते चालत नाहीत म्हणून, त्यावरून कोणी काय शिकलं? गावोगावी इंटरनेटची योजना 2011 ला मंजूर झाली, आमच्या पाड्यावर आजही टाकीवर चढावं लागतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की 2025 पर्यंत आरोग्यावर जीडीपीच्या 2.5 टक्के सरकारी खर्च करू. झाला का? विधानसभा मतदारसंघांच्या यादीत पहिला नंबर आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचा, मतदानाच्या वेळी नर्मदाकाठच्या मणिबेलीला मशीन बोटीत घालून नेतात, म्हणजे मनात आलं की सरकार कुठेही पोचतं. मग बाळंतिणीच्या वेळीच रस्ता का नसतो?

आमच्या भागातल्या प्रत्येक उपकेंद्रात झटक्यांचं इंजेक्शन आणि ते देणारं माणूस हवं. फाट्यापर्यंतचा रस्ता ह्या उन्हाळ्यात व्हायला हवा. आभा नंबर आणि ओटीपीवाचून एकही पेशंट ताटकळू नये, तसा लेखी आदेश काढा. आणि सल्ल्यांचे आकडे जाहीर कराल तेव्हा त्याच कागदावर रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं तेही छापा, तालुक्यानिहाय. त्यात माझ्या वहिनीची नोंद कशी केलीय ते मला बघायचंय.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरून,
तिचा दीर