फाट्यावर उभे राहू नका

डोंबिवली,
११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळे सांगायला गेले की मी घाईत बोलते, बाबा ‘बरं’ म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून आज पत्र लिहिते आहे. ते निदान शेवटपर्यंत वाचाल.

जे करून झाले आहे ते आधी सांगते. मोबाईलच्या नकाशावर आपले घर मी नव्याने नोंदवले आहे. फाट्यावरच्या आपल्या गडग्याला लावायची पाटी इथे रंगवून घेतली आहे, ती शिमग्याला येताना आणते; सरपंचांशी दादा बोलला आहे. आणि दोन्ही आत्या, बोरिवलीची मंडळी, यांचे मित्र, अगदी आंब्याच्या पेट्या न्यायला येणारा टेम्पोवाला, या सगळ्यांना कळवले आहे की यापुढे रस्ता विचारायला बाबांना फोन करायचा नाही. हे तिसरे वाचून बाबांचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसते आहे. बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पुढचे वाचा.

गणपतीतल्या त्या रात्रीबद्दल मी तुमच्याशी अजून नीट बोललेले नाही. आम्ही बावनदीचा पूल ओलांडला तेव्हा तुमचा फोन आला होता. ‘निवळीचा घाट चढलात की फाट्याला उजवीकडे वळा, हातखंबा दिसला तर पुढे गेलात असे समजा,’ एवढेच तुम्ही सांगत होतात, आणि मी म्हणाले की बाबा, तुम्ही आता काही सांगू नका, मोबाईल सांगतो आहे, दोघे एकदम बोललात की यांचा गोंधळ होतो. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. मोबाईलने निवळीला वळवले ते बरोबरच होते, पण जाकादेवीच्या अलीकडे त्याने जो कच्चा रस्ता धरायला लावला तो सड्यावर चढला आणि एका चिरेखाणीच्या काठाशी संपला. गाडीच्या उजेडात समोर चौकोनी कापलेला खड्डा आणि त्यात साचलेले पाणी दिसले, यांनी हँडब्रेक ओढला, आणि मागे बसलेली पोरेसुद्धा गप्प झाली. पडद्यावर आपले घर तिथून ३०० मीटरवर होते. ते खोटे नव्हते. खाली पऱ्याच्या ओहोळापलीकडे आपल्या पडवीचा दिवा दिसतही होता. गाडी मात्र तिथून खाली नेणार कशी?

तुम्ही त्या वेळी फाट्यावर बॅटरी घेऊन उभे होतात, भुरभुर पावसात, पावणेदोन तास. आम्ही पोहोचलो तेव्हा ‘पोरं वाटेत जेवली का?’ एवढेच विचारलेत. गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला, तेव्हाही ‘आरतीला उभा राहिलो म्हणून’ असे आत्याला सांगितलेत. मी माजघरातून ऐकले होते आणि बाहेर आले नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते.

तरीसुद्धा गेल्या महिन्यातली आईची ती रात्र झाली नसती तर मी कदाचित काहीच केले नसते. आई, तू लगेच म्हणशील की नुसती चक्कर होती, आल्याचा रस घेतला आणि उतरली. असेल. पण रत्नागिरीहून बोलावलेली गाडी आपल्या फाट्यावरून दोनदा पुढे गेली, कारण बाबा त्या ड्रायव्हर मुलाला ‘फणसाकडून डावीकडे’ असे सांगत होते आणि रस्ता रुंद करताना फणस तोडला त्याला आता दोन वर्षे झाली. बाबा, चूक तुमची नव्हती. एका हाताने आईला धरून दुसऱ्या हातात फोन असताना माणसाला जे डोळ्यांसमोर दिसते तेच तो सांगतो. तुमच्या डोळ्यांसमोर फणस आहे, माझ्याही आहे, वाडीतल्या कोणालाही विचारले तर अजून फणसच सांगेल. त्या मुलाला मात्र तिथे नवा डांबरी रस्ता आणि पिवळा पट्टा दिसत होता. चाळीस मिनिटे गेली, आणि त्या चाळीस मिनिटांत मी इथे फोन धरून बसण्यापलीकडे काही करू शकले नाही.

नकाशावर ‘पिन टाकली आहे’ असे मी म्हटले तेव्हा तुम्ही म्हणालात, पिनकोड आहे की आपल्याला. आहेच, १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो संस्कृतच्या एका पंडिताने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, बसवून दिला ही गोष्ट तुम्ही घरात आलेल्या प्रत्येक जावयाला ऐकवली आहे. पण ते सहा आकडे पत्राला पोस्टापर्यंत आणतात आणि तिथून पुढे पोस्टमन माणसाला ओळखतो म्हणून पत्र आपल्या ओटीवर पडते. रात्री अकरा वाजता येणारा ड्रायव्हर कोणालाच ओळखत नाही. टपाल खात्यालाही हे उमगलेले दिसते, कारण २०२५ साली त्यांनी डिजिपिन काढला, ज्यात साऱ्या देशाचे सुमारे ४ मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी खूण दिली आहे. आपलीही मी काढून ठेवली आहे. आपले खळेच त्याहून मोठे आहे, तेव्हा आईच्या तुळशीला स्वतःचा वेगळा पत्ता मिळाला आहे असे म्हणायला हरकत नाही.

चिरेखाणीच्या काठावर आम्ही का गेलो, हे मी नंतर शोधून काढले. कोणीतरी हौसेने आपल्या घराची पिन नेमकी आपल्या कौलांवर टाकून ठेवली होती. नकाशा काय करतो, तर पिनेपासून सरळ रेषेत सर्वांत जवळ जो गाडीरस्ता त्याला ठाऊक असेल तिथवर माणसाला नेतो. आपल्या बाजूचा रस्ता पाखाडीच्या पायऱ्यांच्या वर थांबतो, आणि खाणीचा रस्ता वरून, पलीकडून, त्याहून जवळ येतो. मधला पऱ्या, उतार, साकवावरून फक्त माणूस जातो गाडी जात नाही, यातले त्याला काही कळत नाही. म्हणून आता मी पिन घरावर न ठेवता पाखाडीच्या तोंडाशी, जिथे गाडी वळवता येते त्या सपाटीवर ठेवली आहे, आणि तिथून खाली सत्तावीस पायऱ्या असे शब्दांत लिहिले आहे. पायऱ्या गेल्या खेपेला मी आणि धाकटीने मोजल्या. तुम्ही सव्वीस म्हणता, पण सर्वांत खालची मातीत बुजलेली आहे, तीही धरली आहे.

‘वरून कोणी बघते का?’ असे तुम्ही विचारले होते, त्याचेही उत्तर देते. कोणी बघत नाही. जीपीएसचे ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते स्वतः कुठे आहेत आणि किती वाजले एवढेच सतत सांगत असतात, आणि आपला फोन निदान चार उपग्रहांचे ऐकून, कोणाचा आवाज किती उशिरा पोहोचला यावरून, स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो. हे ऐकून घ्यायला रेंज लागत नाही. खिंडीत रेंज जाते तेव्हा जीपीएस जात नाही, नकाशाचे चित्र यायचे थांबते. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी रत्नागिरीच्या बाजूचा नकाशा आधीच उतरवून ठेवायला सांगते. दाट झाडीत मात्र त्याचा अंदाज थोडा हलतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिका सामान्य लोकांसाठी मुद्दामच शंभर मीटरपर्यंत चूक ठेवत असे, आणि आपल्याकडे शंभर मीटर म्हणजे पऱ्याच्या अलीकडचे की पलीकडचे, एवढा फरक.

बाबा, नकाशा तुमच्यापेक्षा शहाणा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. तुमच्याइतका चांगला रस्ता सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि आता मीच नकाशे चाळत बसल्यावर त्याचे कारणही कळू लागले आहे. तुम्ही नेहमी येणाऱ्याच्या तोंडाने सांगता. ‘तोंड रत्नागिरीकडे करून उभे राहा, आता उजवा हात वर करा,’ असे तुम्ही फोनवर सांगता आणि माणूस खरोखर भर रस्त्यात हात वर करून उभा राहतो. वळणाची खूण सांगितलीत की वळण चुकल्याचीही खूण सांगता; हातखंबा दिसला तर पुढे गेलात, यापेक्षा उपयोगी वाक्य कोणता मोबाईल बोलतो? बाकीचे लोक ‘हे काय, इथेच’ किंवा ‘पाच मिनिटांवर’ म्हणतात आणि ती पाच मिनिटे चालत की गाडीने ते सांगत नाहीत.

मी सात वर्षांची असताना सुट्टीत तुमच्याबरोबर, तुम्ही कंडक्टर असलेल्या एसटीच्या शेवटच्या गाडीला यायचे. तुम्ही मला तुमच्या सीटवर बसवायचात, तिकिटांची पेटी मांडीवर द्यायचात आणि म्हणायचात, ‘डोळे मीट आणि सांग कुठे आलो.’ पुलावर गाडी आली की तिचा आवाज पोकळ व्हायचा. घाटात इंजिन कण्हायचे. सड्यावर आलो की खिडकीतून येणारा वारा एकदम कोरडा व्हायचा. मी चुकले की तुम्ही म्हणायचात, ‘अजून अर्धा टप्पा आहे,’ म्हणजे तीन किलोमीटर. तुमचे अंतर आजही टप्प्यांतच असते आणि यांना ते कळत नाही. एक म्हातारी ‘माझ्या चिंचेकडे उतरव रे’ एवढेच सांगायची. अमावास्येच्या रात्रीही तुम्ही नेमके त्या चिंचेपाशी दोरी ओढायचात, तिचे गाठोडे खाली द्यायचात, ती बांधावर चढली हे बघायचात आणि मगच डबल बेल. तेव्हा मला वाटायचे की सगळ्या जिल्ह्यातली झाडे माझ्या बाबांना नावाने ओळखतात.

म्हणूनच तुमचे सांगणे बंद करायचे नाही, ते कागदावर आणायचे आहे. सोबत एक पान जोडले आहे. तुमच्या वेगवेगळ्या फोनांतून मी जे ऐकले ते त्यात लिहिले आहे: मुंबईकडून येणाऱ्यासाठी वेगळे, रत्नागिरीकडून येणाऱ्यासाठी वेगळे, कारण एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे. झाडे मी सगळी काढली आहेत. शाळा, देऊळ, पालखीची सहाण आणि मोरी ठेवली आहे, कारण त्या इतक्यात हलणार नाहीत. तुम्ही लाल पेनाने तपासा आणि जे नकाशाला कधीच कळणार नाही ते बाजूला लिहा: पावसाळ्यात कोणत्या उतारावर गाडी घसरते, हॉर्न कुठे वाजवला म्हणजे खाली ऐकू येतो, रात्री कोणाचे दार ठोठावावे आणि कोणाचे ठोठावू नये. (ते शेवटचे पाटीवर येणार नाही, काळजी नसावी.)

आता आई, हे तुझ्यासाठी. हे पान मोठ्या अक्षरात छापून पाठवते आहे, ते फोनच्या वर भिंतीला लावायचे, देव्हाऱ्यामागे खोचायचे नाही. गाडी बोलवायची वेळ आली तर पान बघून जसेच्या तसे वाचायचे. आधी तालुका, मग गाव, मग फाटा, मग पाटी. आपल्या गावाच्या नावाची गावे आणखीही आहेत, म्हणून तालुका पहिला. ‘कंडक्टरांचं घर कोणीही सांगेल’ असे म्हणायचे नाही. खरे असले तरी रात्री सांगायला रस्त्यावर कोणी नसते. मोबाईल रात्री उशाशी, चार्ज केलेला. दादाने लोकेशन पाठवायचे शिकवले आहे ते दर रविवारी एकदा मला पाठवून बघायचे, म्हणजे हाताला सवय राहील. पाखाडीच्या तोंडाशी दिवा लावायला दादा वायरमनला घेऊन येणार आहे, त्याला ‘बिल वाढेल’ म्हणून परत पाठवू नका.

आणि बाबा, अंधार पडल्यावर फाट्यावर जायचे नाही. बॅटरी घेऊन नाही, छत्री घेऊन नाही आणि ‘जरा पाय मोकळे करायला’ म्हणूनही नाही. येणारा चुकला तर चुकू दे, फिरून येईल. आम्हाला न सांगता परस्पर जाऊ नका. दिवसा, उन्हे उतरल्यावर, काठी घेऊन गडग्यापर्यंत आलात तर मी काही म्हणणार नाही. उलट शिमग्याला आम्ही येऊ तेव्हा उजेडातच पोहोचू अशा बेताने पहाटे निघणार आहोत, आणि निवळीपासून पुढे मोबाईल बंद ठेवून तुम्हाला फोन लावायचा असे यांनीच ठरवले आहे. मी सुचवलेले नाही.

पाटीची एक ओळ अजून कोरी आहे. बाण आणि गावाचे नाव झाले, खाली मी ‘कंडक्टरांचे घर’ लिहिणार होते, दादा म्हणतो आडनाव लिही, आणि आईचे मत कोणी विचारलेले नाही, ते मी आता विचारते आहे. पेंटर गुरुवारपर्यंत थांबायला तयार आहे, तेव्हा बुधवारी रात्री फोन करून सांगा.

तुमची,
बेबी

ता. क. सांधेदुखीचे तेल वेगळ्या पार्सलने पाठवले आहे. ते गुडघ्याला लावायचे आहे, दाराच्या बिजागऱ्यांना नाही.