मीटरचे चमकते डायल : उजेडापेक्षा काटा महत्त्वाचा

मा. संपादक,

गाडीच्या मीटरमध्ये बसवायचे रात्री उजळणारे डायल ऑनलाइन सहज मिळतात. वायर जोडली, दिवा लागला की काम झाले असे मानले जाते. पण नवे डायल बसवायला काटा काढून परत लावावा लागतो, आणि खरे नाजूक काम ते आहे.

केबलवर चालणाऱ्या जुन्या स्पीडोमीटरचा काटा स्प्रिंगच्या ताणाने शून्याजवळच्या पिनेला टेकलेला असतो. पिनेवरून अलगद पलीकडे सोडला की तो आणखी खाली जाऊन थांबतो. खूण त्या जागेची करायची आणि नंतर काटा तिथेच बसवून मग पिनेवर आणायचा. थेट पिनेपाशी बसवला तर ताण जातो व मीटर जास्त वेग दाखवतो. खुणेच्याही खाली बसवला तर कमी, आणि ते अधिक वाईट. नव्या गाड्यांत काट्याखाली स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी छोटी मोटर) असते. तो हाताने रेटून फिरवू नये, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात.

काटा दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा, सरळ वर उचलावा. तिरका ओढला की दांडी वाकते. परत बसवताना डायल आणि काट्यात सुमारे 1 मिमी फट हवी, कारण जुन्या डायलवर नवे चिकटवल्याने जाडी वाढलेली असते आणि काटा घासून अडकतो.

डायलमधला फॉस्फरचा थर 12 व्होल्ट डीसीवर उजळत नाही. सोबतचा इन्व्हर्टर त्याला साधारण 100 व्होल्ट एसी देतो, म्हणून पुरवठा चालू असताना हात लावू नये. डायलची कड कात्रीने छाटली तर थर शॉर्ट होतात, ओल शिरून काळे डाग पडतात. पुरवठा पार्किंग लाइटच्या वायरवरून, 1 अँपिअरच्या फ्यूजमधून घ्यावा. डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या वायरवर जोडल्यास डायल लुकलुकतात. पुष्कळ गाड्यांत तिथला प्रवाह सलग नसतो. (इन्व्हर्टरची बारीक शिट्टी येतेच. तो फोममध्ये गुंडाळून मीटरपासून लांब ठेवला की त्रास कमी होतो.) मीटरचा कनेक्टर निघालेला असताना चावी फिरवू नये, एअरबॅगचा दिवा कायम पेटून राहू शकतो.

शेवटी मोबाइलच्या जीपीएसशी 40, 60 आणि 80 च्या स्थिर वेगावर ताडून पाहावे, आकडे सोबत्याने वाचावेत. संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. खरा वेग 80 असताना 80 ते 92 चालते. ऑइल, ब्रेक, एबीएस यांचे दिवे नव्या डायलमागे झाकले तर गेले नाहीत ना, हेही चावी फिरवताच दिसते.

विक्रेत्यांनी पाकिटावर गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंधन स्पष्ट छापावे. डिझेल गाडीत पेट्रोलचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) डायल बसले तर फेऱ्यांची मर्यादा दाखवणारा लाल पट्टा भलत्याच आकड्यावर येतो, आणि असे डायल परत घ्यायला दुकानदार तयार नसतात.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, पुणे